मॉन्सूनचे पूर्वानुमान

मॉन्सूनचे पूर्वानुमान : नैर्ऋत्य मॉन्सूनचे आगमन, त्याची प्रगती, त्यात पडणारे खंड आणि त्यापासून मिळणारे एकूण पर्जन्यमान यांविषयी निरीक्षणे व भौतिकीचे नियम यांच्या आधारे, ठराविक मुदतीसाठी व ठराविक क्षेत्रासाठी आगाऊ केलेले विधान. भारताच्या वार्षिक पर्जन्यापैकी सु. तीन-चतुर्थांश पर्जन्य जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. महाराष्ट्रातील लागवडीखालील क्षेत्रापैकी बहुतांश क्षेत्र कोरडवाहू असल्याने पेरणीची वेळ, पिकाची निवड, धरणांतील पाण्याचे वाटप, चाऱ्याची तरतूद इ. अनेक निर्णय या पूर्वानुमानाशी निगडित असतात. पूर्वानुमान खरे ठरले की चुकले, हा प्रश्न दर वर्षी विचारला जातो. त्याचे उत्तर मात्र वाटते तितके सरळ नाही. पूर्वानुमानाची अचूकता वर्तविणाऱ्याच्या कौशल्यावर जशी अवलंबून असते, तशीच ती विचारलेला प्रश्न किती मुदतीचा व किती विस्ताराच्या क्षेत्राचा आहे, निसर्गक्रमात त्याचे उत्तर आगाऊ सूचित झालेले असते काय आणि उपलब्ध नोंदी ती सूचना ओळखण्यास पुरेशा आहेत काय, यांवरही अवलंबून असते. [⟶ मॉन्सून वारे].

प्रकार : मुदतीनुसार पूर्वानुमानाचे पाच प्रकार मानतात. काही तासांपुरते ते तात्काळ, तीन दिवसांपर्यंतचे अल्प मुदतीचे, सु. दहा दिवसांपर्यंतचे मध्यम मुदतीचे, दोन ते चार आठवड्यांचे विस्तारित मुदतीचे आणि महिना किंवा संपूर्ण ऋतू यांसंबंधीचे ते दीर्घ मुदतीचे पूर्वानुमान होय. या प्रकारांत केवळ कालावधीचा फरक नाही. तात्काळ पूर्वानुमान प्रामुख्याने रडार व कृत्रिम उपग्रह यांच्या प्रत्यक्ष निरीक्षणांवर आधारलेले असते. अल्प व मध्यम मुदतीचे पूर्वानुमान वातावरणाच्या सद्यःस्थितीपासून गतिकीय समीकरणांच्या साहाय्याने मिळवितात. दीर्घ मुदतीच्या पूर्वानुमानाचा आधार सागरपृष्ठाचे तापमान, हिमाच्छादन यांसारख्या सावकाश बदलणाऱ्या घटकांत असतो. म्हणून उद्याचा पाऊस नीट सांगता न येणाऱ्या शास्त्राने चार महिन्यांचा पाऊस कसा सांगावा, हा नेहमी घेतला जाणारा आक्षेप वस्तुस्थितीस धरून नाही. दोन्ही विधानांचे आधार व त्यांची उद्दिष्टे वेगवेगळी आहेत.

ऐतिहासिक विकास : पर्जन्याचे मोजमाप व त्याविषयीचे आडाखे भारतात प्राचीन आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्मक, अवंती इ. प्रदेशांचे पर्जन्यमान द्रोण या मापाने दिलेले आढळते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मेघांचा गर्भ धारण झाल्यापासून १९५ दिवसांनी पर्जन्य होतो, असा नियम सांगितला आहे. मृग, आर्द्रा इ. पर्जन्यनक्षत्रे व त्यांची पंचांगात दिलेली बेडूक, म्हैस, उंदीर इ. वाहने यांवरून पावसाचा अंदाज बांधण्याची पद्धत महाराष्ट्रात रूढ आहे. अशा आडाख्यांत क्षेत्र, मुदत व प्रमाण निश्चित केलेले नसते. त्यामुळे ते खरे ठरले की खोटे, याची तपासणी करता येत नाही. ज्या विधानाची तपासणी करता येत नाही त्याची अचूकताही ठरविता येत नाही.

शास्त्रीय पूर्वानुमानाचा आरंभ दुष्काळाच्या अनुभवातून झाला. भारतीय वातावरणवैज्ञानिक खात्याची स्थापना १८७५ मध्ये झाली व त्यानंतर लवकरच १८७६–७८ चा भीषण दुष्काळ दख्खनवर ओढवला. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री फ्रान्सिस ब्लॅनफर्ड (१८३४–९३) यांना हिमालयातील वसंत ऋतूमधील हिमाच्छादन अधिक असल्यास पुढील मॉन्सून दुर्बल होण्याकडे कल असतो, असे दिसून आले. या संबंधाच्या आधारे त्यांनी १८८२ ते १८८५ या काळात प्रायोगिक अंदाज केले. पहिले नियमित दीर्घ मुदतीचे पूर्वानुमान ४ जून १८८६ रोजी प्रसिद्ध झाले. ब्लॅनफर्ड यांच्यानंतर आलेले सर जॉन एलियट (१८३९–१९०८) यांनी भारताबाहेरील वातावरणीय परिस्थितीचाही विचार सुरू केला. तथापि १८९९ साठी त्यांनी सरासरीहून अधिक पर्जन्याचे भाकीत केले असता प्रत्यक्षात तीव्र अवर्षण पडून पश्चिम व मध्य भारतात मोठा दुष्काळ पडला. यानंतर काही वर्षे पूर्वानुमान सरकारपुरते गोपनीय ठेवण्यात आले.

सर गिल्बर्ट वॉकर (१८६८–१९५८) हे मूळचे गणिती. १९०४ ते १९२४ या काळात ते भारतातील वेधशाळांचे महासंचालक होते. व्यक्तिगत तर्कावर अवलंबून राहण्याऐवजी त्यांनी जगभरच्या वेधशाळांतील दाब, तापमान व पर्जन्य यांच्या नोंदी जमवून भारतीय पर्जन्याशी त्यांचे असलेले सहसंबंध गुणांक काढले आणि १९०९ पासून समाश्रयण समीकरणावर आधारलेली पूर्वानुमाने दिली. पॅसिफिक व हिंदी महासागरांवरील वातावरणीय दाबांत आढळणाऱ्या उलटसुलट चढउताराला त्यांनी ‘दक्षिणी आंदोलन’ असे नाव दिले. पेरू देशाच्या किनाऱ्याजवळील सागरी जल तापण्याच्या ‘एल निनो’ या आविष्काराशी दक्षिणी आंदोलनाचा असलेला संबंध याकोब ब्यर्कनेस (१८९७–१९७५) यांनी १९६०–७० या दशकात स्पष्ट केला. भारतीय पर्जन्याची कारणे शोधताना हाती लागलेले हे आंदोलन आज जगातील ऋतुमानविषयक पूर्वानुमानाचा एक प्रमुख आधार समजले जाते.

भारतीय वातावरणवैज्ञानिक खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले व १९४४ मध्ये दिल्लीस गेले. दीर्घ मुदतीच्या पूर्वानुमानाचे कार्य मात्र पुण्याशी निगडित राहिले. उष्ण कटिबंधीय वातावरणविज्ञानाच्या संशोधनासाठी १९६२ मध्ये पुणे येथे स्थापन झालेली संस्था पुढे ‘भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

अचूकतेवर परिणाम करणारे घटक : (१) आरंभीच्या स्थितीचे ज्ञान : वातावरणाची आजची स्थिती ठाऊक असेल, तर भौतिकीच्या नियमांनी उद्याची स्थिती काढता यावी, या कल्पनेनुसार ल्यूइस फ्राय रिचर्डसन (१८८१–१९५३) यांनी २० मे १९१० या दिवसाच्या जुन्या नोंदींवरून मध्य यूरोपातील एका ठिकाणच्या दाबात सहा तासांत होणारा बदल हाताने गणित करून काढला. उत्तर १४५ मिलिबार आले. प्रत्यक्षात दाब जवळजवळ स्थिर होता. हे गणित त्यांनी १९२२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. समीकरणे योग्य होती. परंतु वाऱ्यांच्या तुटपुंज्या नोंदींतील लहान विसंगतींमुळे गणितात अवास्तव दाबबदल निर्माण झाले होते. नोंदींचे योग्य संस्करण व समीकरणांचे सुलभीकरण केल्यावर १९५० मध्ये अमेरिकेत एनिॲक या संगणकावर पहिली यशस्वी सांख्यिक पूर्वानुमाने मिळविण्यात आली.

तथापि नोंदी कितीही सुधारल्या, तरी एक मूलभूत मर्यादा उरते. एडवर्ड लोरेन्ट्‌स (१९१७–२००८) हे १९६१ मध्ये संगणकावर एका साध्या वातावरणीय प्रतिमानाचे गणित पुन्हा करीत असताना त्यांनी ०·५०६१२७ या संख्येऐवजी ०·५०६ ही छापील संख्या घातली. सुरुवातीस दोन्ही उत्तरे सारखी होती. काही काळाने मात्र त्यांच्यात कसलेही साम्य उरले नाही. आरंभीच्या स्थितीतील अत्यल्प चूक काळाबरोबर वाढत जाणे हा वातावरणाचा स्वभावधर्म आहे, असे यावरून दिसून आले. त्यामुळे एखाद्या ठराविक दिवसाचे हवामान सु. दोन आठवड्यांपलीकडे सांगता येत नाही, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हिंदी महासागरावरील निरीक्षणांची उणीव हा भारतीय पूर्वानुमानातील दीर्घकालीन अडथळा होता. १९७९ मधील ‘मोनेक्स’ हा आंतरराष्ट्रीय निरीक्षण प्रकल्प, कृत्रिम उपग्रह, सागरात नांगरलेली स्वयंचलित निरीक्षणकेंद्रे इत्यादींमुळे ही उणीव बरीच भरून निघाली आहे.

(२) सावकाश बदलणारे घटक : दोन आठवड्यांची मर्यादा असूनही ऋतूचे पूर्वानुमान शक्य होते, याचे कारण सागर वातावरणाहून पुष्कळ मंद गतीने बदलतो. पॅसिफिक महासागराचा विषुववृत्तीय भाग उन्हाळ्यात नेहमीपेक्षा उबदार असेल, तर ती स्थिती अनेक महिने टिकते व वातावरणाच्या अभिसरणाला विशिष्ट कल देते. जूल्स चार्नी व जे. शुक्ल यांनी १९८१ मध्ये असे प्रतिपादन केले की, उष्ण कटिबंधातील ऋतुमानात अशा सीमास्थितींचा प्रभाव मोठा असल्याने मध्य कटिबंधापेक्षा तेथील सरासरी हवामानाचे पूर्वानुमान अधिक शक्य आहे. मात्र हा प्रभाव म्हणजे कल असतो; तो निर्णय नसतो. एल निनोच्या वर्षांत अवर्षणाची शक्यता वाढते, परंतु विसाव्या शतकातील अत्यंत प्रबळ एल निनो १९९७ मध्ये उद्भवला असताना भारतात सरासरीच्या १०२ टक्के पाऊस पडला. त्या वर्षी हिंदी महासागराचा पश्चिम भाग उबदार व पूर्व भाग थंड होता. या स्थितीस ‘हिंदी महासागर द्विध्रुव’ हे नाव १९९९ मध्ये मिळाले. हिंदी महासागरावरील विषुववृत्तीय मेघनिर्मितीचे आंदोलन आणि एल निनो यांचा एकत्रित विचार केल्यास मॉन्सूनच्या टोकाच्या वर्षांचा उलगडा अधिक चांगला होतो, असे सुलोचना गाडगीळ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखविले.

पूर्वानुमान कोणत्या महिन्यात दिले जाते, यासही महत्त्व आहे. मार्च ते मे या काळात पॅसिफिक महासागरातील स्थिती संक्रमणावस्थेत असल्याने एल निनोचे पूर्वानुमान त्या सुमारास सर्वांत कमी विश्वसनीय असते. शेतकऱ्यास बियाणे व पीक यांचा निर्णय नेमका याच काळात घ्यावा लागतो. एप्रिलमधील पूर्वानुमान मेअखेरीस सुधारून देण्याच्या प्रथेमागे हेच कारण आहे.

(३) सहसंबंधांचे स्थैर्य : दोन गोष्टींचा पूर्वी आढळलेला संबंध पुढेही टिकेल, हे सांख्यिकीय पूर्वानुमानातील गृहीतक आहे. ते दोन प्रकारे ढासळू शकते. पहिला प्रकार योगायोगाचा. पावसाशी काडीचाही संबंध नसलेले शंभर घटक तपासले व चुकीची शक्यता पाच टक्के ही कसोटी लावली, तर त्यांपैकी सु. पाच घटक केवळ योगायोगाने पावसाशी संबंधित असल्याचे दिसून येईल. पुष्कळ घटकांमधून सर्वांत मोठा सहसंबंध निवडताना कसोटी अधिक कडक असावी लागते, हे वॉकर यांनी १९१४ मध्येच निदर्शनास आणून दिले होते. दुसरा प्रकार असा की, खरा असलेला संबंधही काळाच्या ओघात दुर्बल होऊ शकतो. ब्लॅनफर्ड यांनी शोधलेला हिमाच्छादनाचा संबंध पुढील काळात एकसारखा टिकला नाही. एल निनो व भारतीय पर्जन्य यांचा संबंध विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत क्षीण झाल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले.

या दृष्टीने सोळा प्राचलांच्या प्रतिमानाचा इतिहास उद्बोधक आहे. वसंत गोवारीकर (१९३३–२०१५) व त्यांचे सहकारी यांनी तयार केलेले हे प्रतिमान १९८८ पासून वापरात आले. तापमान, दाब, स्थितांबरातील वारे, हिमाच्छादन, एल निनो इ. प्राचलांचा त्यात समावेश होता. १९८९ ते २००१ या तेरा वर्षांत देशाचा मॉन्सून पर्जन्य सलग ‘सर्वसाधारण’, म्हणजे तत्कालीन व्याख्येप्रमाणे सरासरीच्या ९० ते ११० टक्क्यांच्या दरम्यान राहिला आणि पूर्वानुमानेही सर्वसाधारण पर्जन्याचीच होती. त्यामुळे प्रतिमानावरील विश्वास दृढ झाला. २००२ मध्ये १०१ टक्के पर्जन्याचे पूर्वानुमान असताना प्रत्यक्षात ८१ टक्के पाऊस पडला. जुलैमध्ये तर तो सरासरीच्या जवळजवळ निम्माच होता. मधल्या तेरा वर्षांत अवर्षण पडलेच नव्हते. त्यामुळे ते ओळखण्याची प्रतिमानाची क्षमता त्या काळात कसोटीस लागलीच नव्हती. २००३ मध्ये कमी प्राचलांची नवी प्रतिमाने व २००७ मध्ये अनेक प्रतिमानांची सरासरी घेण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. तरीही २००९ मध्ये एप्रिलचे पूर्वानुमान ९६ टक्के असताना प्रत्यक्ष पर्जन्य ७८ टक्के झाला.

(४) काल व क्षेत्र यांचे प्रमाण : मोठे क्षेत्र व दीर्घ काळ यांच्या सरासरीत स्थानिक चढउतार परस्परांना छेद देतात. म्हणून अखिल भारतीय ऋतुमानाची सरासरी सांगणे एखाद्या तालुक्याचा पाऊस सांगण्याहून सुकर असते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस पडला, त्याच शहराच्या दक्षिण टोकाच्या कुलाबा वेधशाळेत तो केवळ सु. ७३ मिमी. होता. ‘मुंबईत जोरदार पाऊस पडेल’ हे विधान दोन्ही ठिकाणांना लागू पडेल, पण त्याने एकाही ठिकाणाची नेमकी कल्पना येणार नाही. सह्याद्रीच्या परिसरात हा फरक कायमचाच आहे. महाबळेश्वर येथे वर्षाकाठी ५०० सेंमी.हून अधिक पाऊस पडतो. पूर्वेस थोड्याच अंतरावरील पाचगणीला तो त्याच्या निम्म्याहूनही बराच कमी असतो. गर्जन्मेघाचा विस्तार काही किमी. असतो. प्रतिमानातील गणनाबिंदूंमधील अंतर त्याहून मोठे असल्यास असा मेघ प्रत्यक्ष गणितात येत नाही. त्याचा एकंदर परिणाम अंदाजी सूत्रांनी समाविष्ट करावा लागतो. २६ मे २०२५ रोजी कार्यान्वित झालेल्या ‘भारत पूर्वानुमान प्रणाली’त हे अंतर सु. ६ किमी.पर्यंत खाली आणण्यात आले आहे.

काळाच्या बाबतीतही अशीच स्थिती आहे. २०२३ मध्ये एप्रिलचे पूर्वानुमान ९६ टक्के होते व प्रत्यक्ष पर्जन्य ९४ टक्के झाला, म्हणजे ते यशस्वी ठरले. परंतु त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सरासरीहून ३६ टक्के कमी पाऊस पडला आणि १९०१ पासूनच्या नोंदींतील तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. जुलै व सप्टेंबर यांमधील अधिक पावसामुळे एकूण बेरीज सावरली. फुलोऱ्यात करपलेले पीक मात्र सप्टेंबरमधील पावसाने परत येत नाही. पावसातील असे खंड काही अंशी विषुववृत्ताजवळून पूर्वेकडे सरकणाऱ्या ३० ते ६० दिवसांच्या आंदोलनाशी संबंधित असतात. रोलंड मॅडन व पॉल जूल्यन यांनी १९७१ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. विस्तारित मुदतीच्या पूर्वानुमानाला त्याचा उपयोग होतो.

(५) बदलते जलवायुमान : सरासरी ही तुलनेची मोजपट्टी असल्याने ती कोणत्या काळाची आहे हे महत्त्वाचे ठरते. अखिल भारतीय मॉन्सून पर्जन्याची सरासरी १९५१–२००० या काळासाठी ८९ सेंमी. होती, १९७१–२०२० या काळासाठी ती ८७ सेंमी. आहे. मध्य भारतातील विस्तृत क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सु. तिप्पट झाल्याचे संशोधनात आढळले आहे. एकूण पर्जन्य फारसा न बदलता त्याची वाटणी बदलली, तर जुन्या नोंदींवर बेतलेले आडाखे अपुरे पडतात.

अचूकतेचे मोजमाप : किती पूर्वानुमाने खरी ठरली, याची टक्केवारी फसवी असू शकते. अमेरिकेतील जॉन फिन्ली यांनी १८८४ मध्ये घूर्णवाती वादळांविषयी (टॉर्नेडोंविषयी) केलेल्या २,८०३ भाकितांपैकी ९६·६ टक्के बरोबर ठरली. परंतु ‘वादळ होणार नाही’ असे प्रत्येक वेळी सांगितले असते, तर ९८·२ टक्के भाकिते बरोबर आली असती. प्रत्यक्ष झालेल्या ५१ वादळांपैकी २८ वादळांची सूचना फिन्ली यांनी दिली होती. दुसऱ्या पद्धतीत एकाही वादळाची सूचना मिळाली नसती. विरळ घटनेच्या बाबतीत टक्केवारी व उपयुक्तता यांची फारकत होते, हे यावरून लक्षात येते. म्हणून हुकलेल्या घटना व व्यर्थ इशारे यांची स्वतंत्र मोजदाद करतात.

पूर्वानुमानाचे कौशल्य नेहमी कोणत्या तरी सोप्या पर्यायाशी तुलना करूनच ठरविले जाते. मॉन्सूनच्या बाबतीत ‘दर वर्षी शंभर टक्के’ असे सांगणे हा सर्वांत सोपा पर्याय होय. देशाच्या मॉन्सून पर्जन्याचे प्रमाण विचलन सरासरीच्या सु. १० टक्के असल्याने, असे सांगणारा तीनपैकी सु. दोन वर्षी दहा टक्क्यांच्या आत बरोबर येईल. २००२ मध्ये पूर्वानुमानातील चूक २० टक्के होती. या सोप्या पर्यायाची चूक १९ टक्के झाली असती. उलट २०२४ मध्ये एप्रिलचे पूर्वानुमान १०६ टक्के व प्रत्यक्ष पर्जन्य १०८ टक्के होता. येथे पूर्वानुमानाची चूक दोन टक्के व सोप्या पर्यायाची आठ टक्के येते. अर्थात दोन-चार वर्षांवरून कौशल्य सिद्ध होत नाही अथवा नाकारताही येत नाही. वर्षातून एकच ऋतू येत असल्याने पुरेसे नमुने जमण्यास दशके लागतात. दैनिक पूर्वानुमान जलद सुधारते, याचे एक कारण त्याची चूक दुसऱ्याच दिवशी कळते, हे आहे.

संभाव्यता व निर्णय : आरंभीच्या स्थितीत किंचित फरक करून एकाच प्रतिमानाचे गणित अनेकदा करण्याची समूह पद्धती १९९२ पासून यूरोप व अमेरिका येथील केंद्रांत नित्य वापरात आली. सर्व उत्तरे एकमेकांजवळ आली, तर विश्वास अधिक; ती विखुरली, तर कमी. यावरून संभाव्यता काढतात. ‘पावसाची संभाव्यता ७० टक्के’ याचा अर्थ अशा शंभर प्रसंगांपैकी सु. सत्तर प्रसंगी पाऊस पडेल. उरलेल्या तीस प्रसंगी तो न पडणे हीच विधानाच्या खरेपणाची खूण होय. त्यामुळे एका दिवसावरून संभाव्यतेचे विधान चुकले असे म्हणता येत नाही. अनेक दिवसांच्या नोंदींवरूनच त्याची विश्वसनीयता ठरते.

संभाव्यतेचा उपयोग निर्णय घेणाऱ्याच्या परिस्थितीनुसार बदलतो. समजा, पहिल्या पावसानंतर पेरणी दहा दिवस पुढे ढकलल्यास उत्पन्नात एकरी दोन हजार रुपयांची घट येते आणि लगेच पेरून पावसात मोठा खंड पडल्यास दुबार पेरणीमुळे दहा हजार रुपयांचे नुकसान होते. या दोहोंचे गुणोत्तर एक-पंचमांश असल्याने खंडाची संभाव्यता २० टक्क्यांहून अधिक असेल, तर थांबणे हिताचे ठरते. ज्याच्या विहिरीत संरक्षक पाण्यापुरता साठा आहे, त्याचे संभाव्य नुकसान कमी असल्याने तेच पूर्वानुमान ऐकून तो पेरणी करील व दोघांचेही निर्णय योग्य असतील. केवळ ‘पाऊस येईल’ एवढेच सांगितल्यास हा विचार करण्याची संधी दोघांनाही मिळत नाही. २६ मे २०२५ रोजी मॉन्सून मुंबईत नेहमीच्या तारखेच्या (११ जून) सु. दोन आठवडे आधी पोहोचला. त्यानंतर मात्र महाराष्ट्रातील त्याची पुढील वाटचाल सु. दोन आठवडे थबकली. आगमनाची वार्ता खरी असूनही तेवढ्यावरून पेरणी करणे धोक्याचे होते. आगमन, सातत्य व एकूण पर्जन्य हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. एकाचे उत्तर दुसऱ्यास लागू होत नाही.

सद्यःस्थिती : केरळातील मॉन्सूनच्या आगमनाचे पूर्वानुमान २००५ पासून चार दिवसांच्या कमी-अधिक मर्यादेसह प्रसिद्ध केले जाते व बहुतेक वर्षी ते या मर्यादेत खरे ठरले आहे. २०१२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मॉन्सून अभियानात सागर व वातावरण यांचा एकत्रित विचार करणारी गतिकीय प्रतिमाने विकसित करण्यात आली. २०२१ पासून निरनिराळ्या देशांतील केंद्रांच्या अशा प्रतिमानांचा समूह ऋतूच्या पूर्वानुमानासाठी वापरला जातो व पर्जन्याच्या निरनिराळ्या श्रेणींची संभाव्यता तसेच देशातील तिची प्रादेशिक वाटणी नकाशाच्या रूपाने दिली जाते. एप्रिलच्या आकड्याबरोबर पाच टक्के व मेअखेरीच्या आकड्याबरोबर चार टक्के अशी चुकीची मर्यादा नमूद केलेली असते. वृत्तांतून हा आकडा पुष्कळदा मर्यादेवाचून सांगितला जातो व मग पूर्वानुमानाचा अर्थच बदलतो. आकडा, त्याची चुकीची मर्यादा, क्षेत्र आणि मुदत ही चारही अंगे मिळून पूर्वानुमान पूर्ण होते. त्यांपैकी एकही गाळल्यास उरलेल्या विधानाच्या अचूकतेविषयी काहीच सांगता येत नाही.